बारा कुंड्यांचा पाटकरी

घरात मातीचा वास दरवळला की मन प्रसन्न व्हावे, अशी आपली समजूत असते. पण गेल्या हिवाळ्यात आमच्या राहुरीच्या घरात जो वास पसरला, तो कुजलेल्या मुळांचा होता. खिडकीशी मांडलेल्या बारा कुंड्यांतली पाने एकेक करून पिवळी पडत होती. झाडे तहानेने नव्हे, पाण्याने मरत होती.

हे काम अण्णांचे. अण्णा म्हणजे माझे वडील, उभा जन्म मुळा धरणाच्या कालव्यावर पाटकरी म्हणून राबलेले. कालव्याला पाण्याचे आवर्तन सुटले की कोणत्या शेताला कधी आणि किती वेळ पाणी मिळणार, हे त्यांच्या शब्दावर ठरे. आता स्मृती विरत चालली आहे. सकाळी घातलेले पाणी त्यांना दुपारी आठवत नाही. शिवाय ज्याने जन्मभर तुडुंब भरलेले वाफे पाहिले, त्याला ओंजळभर पाणी कसे पुरेसे वाटावे, तुम्हीच सांगा. दिवसातून तीन-चार वेळा ते तांब्या घेऊन निघत आणि प्रत्येक कुंडी काठोकाठ भरून समाधानाने पुढे सरकत.

मी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवतो, तेव्हा उपाय यंत्रातच शोधणार, दुसरे काय! एक बादली, छोटा पंप, बारीक नळ्या, मातीत खोचलेले ओल मोजणारे काटे, आणि आठवड्यातून एकदा पातळ खत मिसळणारी बाटली. माती सुकली की पंप आपोआप सुरू, ओल झाली की बंद. पंधरवड्यात मनीप्लँटला कोवळे पान फुटले आणि मी स्वतःवरच खूश झालो.

अण्णा मात्र बिथरले. पंपाची घरघर ऐकली की धडपडत उठत, नळ्या चाचपत आणि विचारत, "पानी कुनी सोडलं? पाळी कुनाची हाय?" त्यांच्या लेखी कुणीतरी पाटाचे दार फोडून पाणी चोरत होते, आणि पाटकरी इथे खुर्चीत बसून होता. मी पुन्हा पुन्हा समजावले. ते मान हलवत आणि विसरून जात. हळूहळू त्यांचे जेवण कमी झाले, बोलणे थांबले. एके काळी शिवारभर पाणी ज्याच्या हाती होते, त्याच्या हातातला तांब्याही मी काढून घेतला होता. हे मला फार उशिरा उमगले, आणि माझी मलाच लाज वाटली.

मग मी यंत्र मोडले नाही, बदलले. माती सुकली की आता नुसता हिरवा दिवा लागतो. अण्णांच्या खुर्चीशेजारी एक मूठ बसवली आहे. ती त्यांनी फिरवली तरच पंप चालतो, आणि पुरेशी ओल झाली की आपला आपण थांबतो. माती ओली असताना त्यांनी दहादा मूठ फिरवली तरी काही बिघडत नाही, पण हे मी त्यांना सांगितलेले नाही. रोज सकाळी मी समोर उभा राहून पाणी सोडण्याची परवानगी मागतो. ते कुंडीत बोट खुपसतात, "दिव्याचं काय खरं न्हाई," असे पुटपुटतात आणि मगच मूठ फिरवतात. आता दोन भाकऱ्या खातात.

परवा पाणी सोडून झाल्यावर त्यांनी मला बराच वेळ निरखले. त्या नजरेत ओळख नव्हती.

"तुमी कुठल्या गावचं?" त्यांनी अदबीने विचारले.

पाण्यासाठी ताटकळलेला कुणी शेतकरी त्यांना माझ्यात दिसला असावा. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"लई लांबचं रान दिसतंय तुमचं. पन काळजी करू नका. शेवटच्या रानाला पानी पोचल्याबिगर मी घरी जात न्हाई."

"बरं," मी म्हणालो, "थांबतो मी." आणि त्यांच्या पायाशी बसून राहिलो.