पिंप खालीच ठेवलं

तांबटाने मला फसवलं नाही. मी त्याला फसवलं, आणि आमच्या कट्टा गावच्या बाजारात बोभाटा मात्र उलटा केला.

साठ सालानंतरची गोष्ट. न्हाणीत रोज पाणी तापवताना नारळाच्या सोडणांच्या धुराने हिचे डोळे बिघडले होते. धूर बंद करा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. बोटीवर नोकरीला असलेला माझा मेव्हणा, हिचा धाकटा भाऊ, तेव्हा रजेवर आला होता. परदेशात एका बंदरात लोक छपरावर काचेची पेटी ठेवून उन्हावर पाणी तापवतात, हे त्यानेच सांगितलं. मी लगेच तांबट बोलावला. त्याने तांब्याच्या नळ्या वळवून पेटीत बसवल्या, काळा रंग दिला. पेटी न्हाणीच्या छपरावर चढली. पाण्याचं पिंप मी खाली भिंतीला लावायला सांगितलं.

“शेट, पिंप पेटयेच्या वर होया,” तांबट म्हणाला. “गरम पाणी वर चढता, खाली येना नाय.”

वर म्हणजे चिऱ्यांचा उंच चौथरा आणि गवंडी. काम वाढवायचा हा डाव, असं मी धरून चाललो. कौलांचा धंदा मी असल्या डावांना ओळखूनच उभा केला होता.

“माका शिकवतंस? व्हाळाचा पाणी डोंगर चढताना बघितलंस खंय?”

मेव्हणा हसला. “भावोजी म्हणतत ता बरोबर आसा.”

वर नळीला हात लावला तर भाजायचा, खाली पिंपातलं पाणी गार. तीनदा मी तांबटाला सांधे उकलून पुन्हा जोडायला लावले, फुकट. शेवटी चारचौघांत त्याला लबाड म्हटलं आणि नळ्या उपटून फेकल्या. बाजारात माझा शब्द चालायचा. त्याच्याकडे कल्हईलाही भांडी येईनात. तो बिऱ्हाड उचलून घाटावर गेला. ही पुन्हा धुरात बसली.

दोन वर्षांनी मेव्हणा आला. रिकामं पिंप बघून सहज म्हणाला, “थंय पिंपां वरच असतत, भावोजी.”

“मग तेव्हा कित्याक नाय बोललंस?”

“तुमच्या तोंडाक कोण लागतलो?”

दुसऱ्या दिवशी मी फोंडाघाटापर्यंत जाऊन तांबटाची चौकशी केली. पत्ता लागला नाही. हिला आता सुईत दोरा ओवता येत नाही. ते पाप माझं, आणि तांबट भेटला तर मी त्याचे पाय धरीन. पण मेव्हण्याला खरं ठाऊक होतं. बहिणीच्या डोळ्यांपेक्षा माझी मर्जी त्याला मोठी का वाटली, हे त्याने तिच्यासमोर उभं राहून सांगावं.