ओला ताणा

मे महिन्यात नागपूरला जातो म्हटल्यावर साताऱ्यात प्रत्येकानं आम्हांला वेड्यात काढलं. पण माझ्या शाळेला सुट्टी मेमध्येच, आणि नागपुरी लुगडी विणताना बघायची माझी हौस जुनी. आमच्या ह्यांना रामटेक बघायचं होतं. निघालो.

नागपूरला उतरलो तर सकाळीच फलाट तापलेला. सायकलरिक्षावाला ह्यांच्या उघड्या डोक्याकडे बघून म्हणाला, "काहून असे फिरून राहिले साहेब? दुपट्टा बांधा डोक्याले."

"अहो, माण तालुक्यातला आहे मी. ऊन मला नवं नाही!" हे हसले. हेकेखोरपणात आमच्या ह्यांचा हात धरणारा माणूस अजून जन्मायचा आहे.

दुसऱ्या दिवशी रामटेकला भर दुपारी गड चढलो. वरून धानाची (भाताची) रिकामी शेतं दूरवर पसरलेली दिसली, देवळाच्या सावलीत जीव निवला, पण उतरताना पायऱ्यांनी तळवे भाजून काढले. मी बोलून बोलून थकले. ह्यांनी डोक्यावर साधा रुमालही घेतला नाही. संध्याकाळी जेवले नाहीत. "कंटाळा आलाय," एवढंच.

तिसऱ्या दिवशी इतवारीपलीकडच्या विणकरांच्या मोहल्ल्यात गेलो. गल्लीभर लांबच लांब ताणा (लुगड्याचं उभं सूत) बांधलेला, आणि एक नवरा-बायको त्याला खळ लावून मोठ्या कुंच्यानं विंचरत होते. महादेव आणि अनसूया. बाकी मोहल्ला बाजाराला गेलेला. मी कौतुकानं बघतेय तोच मागे धप्पकन आवाज झाला. हे रस्त्यात आडवे! अंग भट्टीसारखं, घामाचा टिपूस नाही, डोळे पांढरे. मी किंचाळले.

"ऊन लागलं वं माय!" म्हणत अनसूयाबाई घागर घेऊन धावल्या आणि ह्यांना नखशिखांत भिजवलं. महादेवानं कुंचा टाकला, ह्यांना पाठीवर घेतलं आणि सुटला. मागून आम्ही दोघी, वाटभर ह्यांच्या डोक्यावर पाणी ओतत. रिक्षा मिळेपर्यंत तो पळतच होता. दवाखान्यात सलाइन लागलं. डॉक्टर म्हणाले, "आणखी उशीर झाला असता तर अवघड होतं." दुपारी ह्यांनी डोळे उघडले आणि चहा मागितला. मला इतका राग आला, की रडूच फुटलं.

संध्याकाळी आभार मानायला मोहल्ल्यात गेले. तो ताणा अंगणात पडला होता, पापडासारखा कडक. अनसूयाबाई नखानं एकेक धागा सोडवत होत्या.

"हे काय झालं?"

"काही नाही ताई, खळ वाळली. वल्ला ताणा सोडला का धागे चिकटतात. कुंचा थांबवता येत नाही."

"म्हणजे आमच्यामुळे?"

"उन्हामुळे," महादेव म्हणाला. "आमी रोजच त्याले शिव्या देतो."

महिन्याभराची चूल त्या सुतावर होती, हे त्या दोघांनी नाही, शेजारणीनं सांगितलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. परतीची तिकिटं वाया गेली तर जाऊ देत म्हटलं. पुढचे दोन दिवस ह्यांना दवाखान्यात डबा पोचवून मी अंगणात बसून धागे सोडवले. पहिल्या दिवशी मी सोडवले त्याहून जास्त तोडले. अनसूयाबाई हसून लोटपोट! "ऱ्हाऊ द्या वं ताई, तुमी नुसत्या गोष्टी सांगा." तरी बसले. निम्मं सूत वाचलं.

निघायच्या दिवशी हे हिंडू-फिरू लागले होते. निरोप घ्यायला गेलो तर वाचलेला ताणा पुन्हा गल्लीत लागलेला, खळीनं चमकणारा. हे पुढे झाले, हात जोडले.

महादेवाचा कुंचा चालूच होता. "बरे झाले ना साहेब? झालं तर मग. आज थांबता येत नाही, ताणा वल्ला हाये. सुखरूप जा." आणि तो विंचरत विंचरत दुसऱ्या टोकाला निघून गेला. अनसूयाबाईंनी दुसऱ्या बाजूनं नुसती मान हलवली.

गाडी सुटली. हे म्हणाले, "निरोपालासुद्धा थांबला नाही गं तो."

"नाही," मी म्हटलं. "थांबला तेव्हा तर आपण त्याच्या ओळखीचेही नव्हतो."