आज कळलं, मला टेनर येतच नाय

मंडळी, आत्ताच नाताळच्या सरावाहून आलोय. जेवायची इच्छा नाय, म्हणून लिहितोय.

चर्चमध्ये मी चाळीस वर्षं टेनर गातोय, म्हणजे चालीसोबतचा पुरुषांचा वेगळा सूर. शेजारी कायम याकोब, माझा कंपनीतला जोडीदार. विद्यापीठाच्या नामांतर आंदोलनाच्या दिवसांत रस्ते बंद असले तरी आम्ही पाळी संपवून गल्लीबोळातून सायकली काढत सरावाला यायचो.

यंदा याकोबच्या घशाचं ऑपरेशन झालं. आवाज कायमचा गेला.

आज पहिल्यांदाच त्याच्याशिवाय उभा राहिलो आणि दुसऱ्याच ओळीला बायका गातात त्या मुख्य चालीवर घसरलो. एकदा नाय, चारदा. शिकवणारी पोरगी हळूच म्हणाली, "काका, तुम्ही मुख्य चालच गा ना."

इतकी वर्षं मी फक्त याकोबचं ऐकून, त्याच्या मागं मागं गात होतो.

येताना गारखेड्याला त्याच्या घरी गेलो. त्यानं पाटीवर लिहिलं, "आपला सूर सांभाळलास ना?"

"व्हय," मी म्हणालो.

त्यानं पाटी पुसली. लिहिलं, "गाऊन दाखव."

तोंड उघडलं, तर बायकांचीच चाल निघाली. याकोबनं पाटी उलटी करून ठेवली.

सांगा मंडळी, नाताळला मी आता कुणाशेजारी उभं राहू?