मुरलेला चिरूट

गिरगावात आमच्या चाळीखाली तंबाखूचं दुकान होतं. दुकानदार बोटींवरून आलेले परदेशी चिरूट विकायचा. त्यांतला एक अमेरिकेतल्या रुंद, जाड पानात गुंडाळलेला असे. जुन्या चिंचेसारखा काळा, हाताला तेलकट. ताजा ओढला तर घसा सोलून निघे. दोन वर्षं लाकडी पेटीत, मसाल्यांपासून लांब, पावसाळ्यात बुरशीवर नजर ठेवून मुरवला, की तोच गोड लागे. पेटी कधी उघडायची हे मात्र काका ठरवत.

काका म्हणजे आमच्याच मजल्यावरचे, जकातीच्या कचेरीतून पेन्शनीत निघालेले कारकून. दुकानापुढची वेताची खुर्ची त्यांची. एक झुरका घ्यायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "अजून एक पावसाळा." पेटी मुकाट्याने माळ्यावर जायची. घरी सुनांचं राज्य होतं. त्यांचा शब्द चाले तो या एवढ्याशा खुर्चीतून.

एका थंडीत काकांना ताप आला. उठल्यावर ते पुन्हा खुर्चीत येऊन बसले. वरळीची कोळीण आली आणि तिने सुक्या बोंबलांची पाटी त्यांच्या पायाशी टेकवली. हा मासळीवर जीव टाकणारा माणूस. एरवी ती गल्लीच्या तोंडाशी असतानाच भाव विचारायचा. आज समोर बघत बसला होता.

"काका, आज घासाघीस नाय?" कोळीण म्हणाली.

काकांनी दचकून खाली पाहिलं. "तू कधी आलीस गं?"

पायाशी बोंबील असून त्यांना वास आला नव्हता. मी काय ते समजलो. दुर्दैवाने, वकिलाच्या कचेरीत नोकरीला असलेला एक तरुणही तिथेच उभा होता. खुर्चीवर त्याचा डोळा जुनाच. तो दुकानदाराला म्हणाला, "शेटजी, एक नवा आणि एक मुरलेला, असे दोन काकांपुढे ठेवा. कुठला कोणता, ते सांगतील. त्यांना काय अवघड आहे?"

काका म्हणाले, "उद्या ठेवा."

त्या रात्री मला झोप आली नाही, इतकी माझी योजना सुरेख होती. मीही शेजारी बसून तसलेच दोन त्याच क्रमाने ओढणार आणि नव्यावर खोकणार, म्हणजे काकांना खूण कळेल. नाटकात मी आजवर तीनदा मेलो होतो. खोकणं म्हणजे हातचा मळ.

दुसऱ्या दिवशी निम्मी चाळ जमली. मी पहिला पेटवला, जोरात ओढला आणि जिवाच्या आकांताने खोकलो. वकिलाकडचा तरुण म्हणाला, "अहो, पाणी द्या त्यांना." काकांनी माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्यांनी आपले दोन्ही पेटवले आणि हातात धरून बसून राहिले. एक विझला. त्यांनी पुन्हा पेटवला, तो पुन्हा विझला. दुसऱ्याची राख पांढरी, घट्ट, बोटभर वाढली तरी गळेना.

"हा मुरलेला," काका म्हणाले. "त्या विझणाऱ्यात अजून ओल आहे. तो माळ्यावर टाका."

दुकानदाराने मान डोलावली. तरुण गर्दीतून वाट काढत निघून गेला. काकांनी मुरलेला म्हणून दाखवला, तसलाच माझा पहिला होता; ज्यावर मी खोकलो तो.

गर्दी पांगल्यावर काका माझ्याकडे वळले. "माझं नाक गेलंय. तुझं कधी गेलं?"

मी म्हटलं, "काका, झुरका जरा मोठा झाला."

"तर." ते हातातल्या पांढऱ्या राखेकडे बघत राहिले. मग आवाज उतरवून म्हणाले, "आता हळू ओढ आणि मला सांग, कसा लागतो. नाटकातलं नको."

मी हळू ओढला. माझ्याजवळ भारी भारी उपमा तयार होत्या; त्या सगळ्या गिळल्या. म्हटलं, "गुळासारखा. जरा करपलेल्या. आणि मागाहून भाजलेली कॉफी."

"शेवटी कडवटपणा?"

"नाही."

"बघ नीट."

मी पुन्हा ओढला. "आहे. अगदी थोडा."

"असायलाच हवा," काका म्हणाले आणि डोळे मिटून खुर्चीत मागे टेकले. "पुढे सांग."