बकऱ्याचे डोळे आणि दोन दिवसांचं प्रमाणपत्र

डोंबिवली पूर्वेला, स्टेशनपासून चालत जाता येईल अशा जागी माझा डोळ्यांचा दवाखाना होता. मोतीबिंदू, काचबिंदू, शाळेतल्या मुलांचे नंबर, हेच माझं काम. ऐंशीचं दशक संपत आलं तेव्हा चष्मा घालवणाऱ्या ऑपरेशनची हवा आमच्याकडे पोहोचली. बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला हिऱ्याच्या पात्याने चाकाच्या आऱ्यांसारखे काप द्यायचे, म्हणजे तो मध्यभागी चपटा होतो आणि नंबर उतरतो. परदेशात हे बरीच वर्षं चाललेलं. आमच्याकडे ते शिकवायला मुंबईतल्या एका मोठ्या हॉटेलात दोन दिवसांचा कोर्स भरला. मी गेले. माझ्याबरोबर ठाण्याचा एक डॉक्टर होता, कॉलेजात माझ्याच वर्गातला. हात चांगला, बोलणं त्याहून चांगलं.

पहिल्या दिवशी भाषणं झाली. दुसऱ्या दिवशी थर्माकोलवर टाचण्यांनी टोचलेले बकऱ्याचे डोळे आमच्यापुढे ठेवले आणि हातात पाती दिली. काप जरा खोल गेला की आतलं पाणी भसकन बाहेर यायचं, मग नवा डोळा घ्यायचा. बकऱ्याचा डोळा तक्रार करत नाही. ऑपरेशननंतर त्याला दिव्याभोवती काय दिसतं, हे त्याला कुणी विचारत नाही. संध्याकाळी चहाबरोबर सगळ्यांना प्रमाणपत्रं वाटली. परीक्षा नाही, प्रश्न नाही, कुणाचा हात कसा चालतो याकडे कुणी पाहिलेलंही नाही. आलात, बसलात, जेवलात, झालात तज्ज्ञ!

मी ते भेंडोळं कपाटात टाकलं आणि पुन्हा मोतीबिंदूकडे वळले. माझ्या मित्राने ठाण्यात नवा बोर्ड लावला. चष्म्यापासून कायमची सुटका. खाली मोठ्या अक्षरांत, प्रशिक्षित व प्रमाणित.

त्यानंतर काही वर्षांनी बाळकुमहून एक आई आपल्या मुलीला घेऊन माझ्याकडे आली. आगरी कुटुंब, आजोबा मिठागरात राबलेले, वडिलांची थोडी भातशेती. मुलगी अठरा-एकोणीसची, उंच, काटक. शाळेत धावण्यात पहिली यायची. तिला पोलिसात जायचं होतं आणि भरतीत चष्मा चालत नाही, असं कुणीतरी तिच्या डोक्यात भरवलेलं. बोर्ड पाहून ती ठाण्याच्या दवाखान्यात गेली. दोन्ही डोळे एकाच दिवशी झाले.

"बाय, सकालचा येगला दिसतं नि सांजचा येगला," आई म्हणाली. "दिव्याकरं बगवत नाय पोरीला."

मी मुलीला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "मॅडम, समोरून गाडी आली की नुसता फटाका फुटल्यासारखं होतं. रस्ताच दिसत नाही."

मी तिला मशिनवर बसवलं. आजही ते बुबुळ माझ्या डोळ्यांसमोर आहे. काप कमी-जास्त लांबीचे, काही थेट मधोमध घुसलेले. जो भाग अस्पर्श राहायला हवा, ज्यातून माणूस बघतो, तिथपर्यंत पातं गेलेलं. डाव्या डोळ्यात दोन काप एकमेकांना छेदत होते.

"आधी तुझा नंबर स्थिर होता का? वर्षभर बदलला नव्हता, असं काही तपासलं?"

"नाही, नंबर दरवर्षी वाढायचाच. तपासलं काही नाही. ते म्हणाले, दहा मिनिटांचं काम आहे."

माझ्याकडे येण्याआधीच भरतीत ती धावली, उंच उडी मारली, सगळ्यात पास झाली. मेडिकलला डॉक्टरने बॅटरी मारून डोळ्यांवरचे काप पाहिले आणि तिला बाजूला काढलं; ऑपरेशन केलेले डोळे नियमात बसत नव्हते. चष्म्याने नाही, ऑपरेशनने तिची पोलिसातली नोकरी घालवली.

मी त्याच संध्याकाळी मित्राला फोन लावला. तो शांत होता.

"अगं, प्रत्येक ऑपरेशनमध्ये काही केसेस अशा जातात. तू सर्जन आहेस, तुला माहीत आहे."

"ही केस गेलेली नाही. ही तू घालवलेली आहे. तिचा नंबर अजून वाढत होता. तू पाहिलंस?"

"माझ्याकडे सर्टिफिकेट आहे."

"तेच माझ्याकडेपण आहे!" मी ओरडले. बाहेर बसलेले पेशंट दचकले असणार. त्याने फोन ठेवला.

ठाण्यात आमची, डोळ्यांच्या डॉक्टरांची, रविवारी बैठक व्हायची. मुलीची आणि तिच्या आईची परवानगी घेऊन, नाव न सांगता मी ती केस तिथे मांडली. माझी मागणी साधी होती. ज्याला हे ऑपरेशन करायचं आहे त्याने आधी जाणत्या सर्जनच्या नजरेखाली करावं. त्याचे पेशंट दुसऱ्याने तपासावेत. मग परीक्षा व्हावी, आणि त्यानंतरच प्रमाणपत्र. "डोंबिवलीत रिक्षा चालवायला बिल्ला लागतो," मी म्हणाले. "धडधाकट पोरीचा डोळा कापायला काहीच लागत नाही?"

सभागृहात हसू पसरलं. अध्यक्ष वडिलधारे गृहस्थ होते, शुद्ध पुणेरी बोलणारे. "बाई, आपण सगळे पदवीधर आहोत. या वयात पुन्हा परीक्षेला बसायचं म्हणता?" मागून कुणीतरी म्हणालं, "यांच्याकडे पेशंट येत नाहीत वाटतं." माझा मित्र पहिल्या रांगेत बसून चष्मा पुसत होता. हो, तो स्वतः चष्मा लावायचा. शेवटपर्यंत लावला.

मी तिथून निघाले आणि पुन्हा त्या बैठकीला गेले नाही.

मुलीला मी कडक कॉन्टॅक्ट लेन्स बसवली. ओबडधोबड झालेल्या पडद्यावर गुळगुळीत झाकण, इतकंच माझ्या हातात होतं. दिवसा तिला बरं दिसू लागलं. वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत पॅकिंगला लागली. फक्त दिवसपाळी, अंधार पडायच्या आत भाऊ सायकलवरून घ्यायला यायचा.

नव्वदचं दशक संपता संपता लेझर आलं. पात्याचे दिवस गेले. आणि गंमत बघा, आता मशिन विकणाऱ्यांनाही आणि डॉक्टरांनाही नियम हवेसे वाटू लागले. समिती नेमली गेली. लेझर करायचं तर रीतसर प्रशिक्षण, देखरेखीखाली ऑपरेशनं, तोंडी परीक्षा. अगदी माझी मागणी. मी आनंदाने नाव घातलं, शिकले, परीक्षेला गेले.

दार उघडलं तर टेबलापलीकडे माझा मित्र. परीक्षक! समितीने ज्येष्ठ आणि अनुभवी म्हणून त्याला परीक्षा माफ केली होती आणि वर परीक्षा घ्यायला बसवलं होतं.

"डॉक्टर," त्याने गंभीर आवाजात विचारलं, "चष्मा घालवण्याचं ऑपरेशन कुणावर करू नये?"

मी त्याच्या डोळ्यांत पाहून सांगितलं. "अठरा वर्षांच्या मुलीवर, जिचा नंबर अजून वाढतो आहे. जिला पोलिसात जायचं आहे आणि जिला मेडिकलचा नियम कुणी सांगितलेला नाही. दोन्ही डोळ्यांवर एकाच दिवशी तर अजिबात नाही."

शेजारचा परीक्षक म्हणाला, "उत्तम. अगदी व्यवहारी उत्तर." मित्राने मान डोलावली आणि मला पास केलं.

बाहेर जिन्यात त्याने मला गाठलं. "बघ, शेवटी तुझंच खरं झालं की नाही?" आवाजात आपुलकी होती.

"मग बाळकुमला चल. त्या मुलीला सांग."

"कुठली मुलगी?"

तो नाटक करत नव्हता. त्याला खरंच आठवत नव्हतं. त्या क्षणी मला इतका संताप आला की मी कठडा धरून उभी राहिले. खोटं बोलला असता तर निदान लाज तरी आहे, असं वाटलं असतं.

पुढच्या महिन्यात ती लेन्स तपासायला आली. आता तिचं लग्न झालेलं, कडेवर पोर. मी तिला सगळं सांगितलं.

"म्हणजे त्यानं स्वतः परीक्षा दिलीच नाही?"

"नाही."

"फक्त घेतली?"

"हो."

तिने पोराला माझ्या टेबलावर बसवलं आणि आगरी भाषेत अशी काही शिवी हासडली की बाहेरची कंपाउंडर बाई आत डोकावली. मग लेन्स डोळ्यात घालून ती म्हणाली, "मॅडम, तुम्ही का नाय दिलीत तिथंच?"

अजूनही त्या जिन्याची आठवण आली की तीच शिवी माझ्या तोंडात येते.