जर्मनीत कापलेला कर

मी नोएडातल्या एका स्टुडिओत साउंड रेकॉर्डिंग करते. मागल्या उन्हाळ्यात जर्मनीतल्या एका फिल्म कंपनीने जंगलातल्या पक्ष्यांचे आवाज टिपायला मला बोलावलं. चार-पाच महिने पगार तिकडचा, त्यावरचा करही तिकडेच कापलेला. परत आले तेव्हा विषय संपला, असंच मी धरून चालले होते.

रिटर्न भरायची वेळ आली तेव्हा गाझियाबादचे आमचे सीए म्हणाले, "मॅडम, आप तो इंडिया की रेजिडेंट हैं. वहाँ की कमाई यहाँ भी दिखानी पड़ेगी."

"म्हणजे एकाच पगारावर दोनदा टॅक्स?" पुण्याहून राहायला आलेली आई माझ्या शेजारीच बसली होती.

सीएंना तिचा सूर कळला. दोन्ही देशांत करार आहे, तिकडे भरलेला कर इथल्या करातून वजा होतो, असं त्यांनी समजावलं. फक्त भरल्याचा दाखला हवा.

तो कंपनीने माझ्या जर्मनीतल्या जुन्या पत्त्यावर पोस्टाने पाठवला होता, आणि कंपनीला आता सुट्ट्या लागल्या होत्या. जुना पत्ता म्हणजे माझ्या घरमालकीणबाई. त्यांना इंग्रजी येत नाही आणि माझं जर्मन भाजी आणण्यापुरतं. तरी रविवारी दुपारी मी व्हिडिओ कॉल लावला.

मला बघून बाईंचा चेहरा फुलला. 'कर' आणि 'कागद' एवढे दोन जर्मन शब्द मी जुळवले. बाई गायब झाल्या. पडद्यावर नुसतं छत, आणि खण उघडल्याचे आवाज. मग त्या पाकिटांचा गठ्ठा घेऊन आल्या नि एकेक दाखवू लागल्या. जाहिरात. लायब्ररीचं पत्र. आणखी एक जाहिरात. मग कंपनीचं पाकीट. त्यांनी कागद कॅमेऱ्यापुढे धरला, पण सगळं अंधुक.

"अगं, त्यांना खिडकीपाशी जायला सांग."

"आई, खिडकीला जर्मनमध्ये काय म्हणतात तेच मला येत नाही."

आईने थालीपिठाचा गॅस बंद केला, टेबलावरचं वर्तमानपत्र उचललं आणि आमच्या खिडकीशी जाऊन उजेडात धरलं. बाई हसल्या, उठल्या, त्यांच्या खिडकीशी गेल्या. माझं नाव, कापलेला कर, सगळं लख्ख दिसलं. मी स्क्रीनशॉट घेतला आणि चक्क उडी मारली. नंतर कितीतरी वेळ आई मराठीत आणि बाई जर्मनमध्ये बोलत होत्या. कशाबद्दल, ते त्यांनाच ठाऊक.

सीएंना मूळ कागदही हवा होता, म्हणून बाईंना नोएडाचा पत्ता कळवला; त्यांनी पोस्टाने पाठवलेला कागद वेळेत पोचला. "बिल्कुल यही चाहिए था," सीए म्हणाले.

तिकडचा कर इथे वजा झाल्याचा मेसेज आला तेव्हा मी मेट्रोत होते. लगेच आईला पुण्याला फोन लावला.

"बरं झालं," ती म्हणाली. "बाई बऱ्या आहेत ना?"

जर्मनीहून पुन्हा बोलावणं आलंय. मी होकार कळवून टाकला, आणि आईने पासपोर्टसाठी अर्ज केलाय.