काचवाल्या मावशी आणि पैलवान

संग्रहालयातलं कोणतं चित्र लोकांना आवडतं, हे काचवाल्या मावशींना विचारावं. बावीस वर्षं त्या तिथल्या काचा पुसतात. बोटीच्या चित्रावर पोरांची चिकट बोटं. पत्र वाचणाऱ्या बाईच्या चित्रावर, बरोबर पत्रापाशी, नाकांचे ठसे. सगळ्यांना ते पत्र वाचायचं असतं. उघड्या अंगाच्या पैलवानाच्या चित्राजवळ मात्र कोणी जात नाही. लांबूनच बघतात आणि पुढे सरकतात.

त्या पैलवानानंच घात केला.

एक फोटोवाला वर्षभर दालनांतून फिरून चित्रं बघणाऱ्यांचे फोटो चोरून काढत होता. स्वतः त्यानं एकाही चित्राकडे मान वर करून पाहिलं नाही, हे मावशींनी तेव्हाच हेरलं होतं. मग तळमजल्यावर त्या फोटोंचं प्रदर्शन लागलं, 'जसं दिसलं तसं'. दारातच मावशींचा भलामोठा फोटो. डोळे मिटलेले, ओठ पैलवानाच्या छातीला टेकायला आलेले. खाली पाटी: 'प्रेम'.

अहो, माशीचा डाग निघत नव्हता म्हणून त्या काचेवर तोंडाची वाफ सोडत होत्या! हातात फडका होता. फोटोत तो हात कोपरापाशीच कापलेला.

तोच फोटो वर्तमानपत्रात आला. सकाळीच नणंदेचा फोन, "काय वहिनी, पैलवान बरे आहेत ना?" मुलगा भरल्या ताटावरून उठला.

"बाबांना जाऊन नऊ वर्षं झाली आणि कारखान्यात मला पैलवानाचा पोरगा म्हणतायत. आई, उद्यापासून तिथं जायचं नाहीस."

"आठवडाभर थांब," मावशी म्हणाल्या. "तोंडाला फासलेलं काळं पुसून येते, मग घरी बसव."

मावशी फोटोवाल्याकडे गेल्या. "मी काच पुसत होते, तुम्हाला ठाऊक आहे. उतरवा तो फोटो."

तो हसला. "मावशी, कला आहे ती, तुम्हाला नाही कळायची. आणि मी काही बदललेलं नाही."

संध्याकाळी देवापुढे हात जोडून त्या म्हणाल्या, "देवा, त्याला शिक्षा कर म्हणत नाही. फक्त मला माफ करायला लावू नकोस."

प्रदर्शनाच्या काचा पुसायचं काम त्यांनी मागून घेतलं. तिसऱ्या दिवशी स्वतःच्या फोटोत, पैलवानाच्या खांद्यावर, एक पिवळट डाग दिसला. खसाखसा पुसला, निघेना. बाकीचे काचेतून बघतात, मावशी काच बघतात. डाग फोटोच्या काचेवर नव्हता, फोटोतल्या काचेत होता. त्यांचाच फडका! फोटोवाल्यानं हात कापला, काचेतलं प्रतिबिंब कापायचं राहिलं.

कोणाला काही बोलल्या नाहीत. शनिवारी तो फोटो संग्रहात कायमचा घ्यायचा का, ते ठरवायला समिती आली. सोबत वार्ताहर. फोटोवाला सांगत होता, "मी जे दिसतं त्याला बोटसुद्धा लावत नाही."

"जरा सरका हो, डाग आहे," म्हणत मावशी पुढे झाल्या. डोळे मिटले, ओठ काचेशी नेले, वाफ सोडली. फोटोतल्यासारख्याच, हुबेहूब. मग फडका फिरवला. "निघत नाही बघा. संचालकबाई, तुम्हीच बघा काय आहे ते."

संचालकबाईंनी चष्मा सावरला. फोटोतला फडका पिवळा, निळ्या काठाचा. मावशींच्या हातातला तोच.

"आणि यांचा हात कुठे गेला हो?" समितीतल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं. कोणीतरी फिसकन हसलं, मग सगळेच. या वेळी फोटोवाल्याला.

"मावशी, आत्ता उतरवते हा," संचालकबाई म्हणाल्या.

"नको. अजून महिना आहे प्रदर्शनाला. पाटी तेवढी बदला."

नवी पाटी लागली: 'काच पुसताना. हात फोटोवाल्यानं कापला.'

तेही छापून आलं. मुलानं ते कात्रण घडी करून कारखान्यात नेलं. दुसऱ्या दिवशी दारात घुटमळत म्हणाला, "आई, उशीर होतोय तुला."

चार दिवसांनी फोटोवाला आला. आवाज पार बसलेला. "मावशी, लोक फोटो बघतच नाहीत. पाटी वाचतात आणि मला हसतात. चुकलं माझं. उतरवायला सांगा ना."

मावशींनी पाटीकडे पाहिलं. तिच्यावर ठसेच ठसे होते. लोक ओळीवर बोट फिरवत वाचत होते.

"सरका, उजेड अडतोय," त्या म्हणाल्या, आणि वाफ सोडून पाटी लख्ख पुसली.